ओसवी राजा आणि काकाच्या अंगणातली वाट

बाबा, चिऱ्यांचा ट्रक परवा सकाळी आला. खालच्या पट्टीत, रस्त्याच्या कडेला, सगळे चिरे उतरवून घेतले. चांगले जांभळट, कडक चिरे आहेत, पाली रस्त्याच्या खाणीवरचे. तू असतास तर एकेक चिरा ठोकून बघितला असतास. गवंड्याला म्हटलं, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत छातीइतकी भिंत घाल आणि कुठेही फट सोडू नकोस. गवंडी आपल्याच गावातला. तो म्हणाला, "बाय, मंग काकाला रस्त्यावर कुठनं न्यायचा?" मी म्हटलं, "ते त्याचं तो बघेल." हे वाक्य म्हणायला मला इतकी वर्षं वाट बघावी लागली. म्हणून झाल्यावर मी घरात आले आणि साखर जास्त घालून चहा करून प्यायले.

तुला आपली जागा ठाऊकच आहे, पण मी ती मनात पुन्हा पुन्हा मांडत असते. वर आपलं घर. त्याच्या खाली तुझ्या चुलतभावाचं, म्हणजे काकाचं, घर आणि अंगण. त्याच्या खाली आपली भाताची पट्टी आणि मग डांबरी रस्ता. घर आपलं, पट्टी आपली, मधलं अंगण तेवढं त्याचं. आणि त्या अंगणाच्या कडेने जाणारी पायवाट पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांची. ती त्याने एकेकाळी आपल्याला बंद केली. आता पट्टी माझ्या नावावर आहे. काकाला आता चालवत नाही. पोरगा आणि नातू त्याला खुर्चीत बसवून त्याच वाटेने माझ्या पट्टीतून रस्त्यापर्यंत आणतात, तिथून रिक्षाने पालीला डॉक्टरकडे. बाजूची सगळी जमीन मुंबईच्या कुणीतरी घेऊन तारेचं कुंपण घातलं आहे. वर पऱ्याच्या ओढ्यावर साकवाचा पूल आहे, पण तेवढ्या फेऱ्याने खुर्ची नेणं दोघांना जमत नाही. दुसरी वाट उरलेली नाही. देव उशिरा का होईना बघतो असं लोक म्हणतात. मी देवाची वाट बघत बसले नाही, ट्रक मागवला.

वाट त्याने बंद केली ती एका ढोलकीवरून. तुम्ही दोघं एकाच जाखडीच्या फडात होतात. तू शाहीर, तो ढोलकीला आणि पोरं चाळ बांधून भोवती नाचायची. गौरी-गणपतीत आजूबाजूच्या वाड्यांतून तुमच्या फडाला बोलावणी यायची. मग त्याला वाटलं, आपणही गातो, आपणही शाहीर. फड मोडला, पोरं अर्धी तिकडे गेली आणि ढोलकी कुणाची यावरून भर अंगणात तुमची जुंपली. दुसऱ्या दिवशी त्याने वाटेवर चिरे रचून गडगा घातला आणि वर करवंदीच्या काट्या रचल्या. त्याच्या बायकोने रडून सांगून बघितलं. तू हसलास फक्त. म्हणालास, "ऱ्हाव दे. राग गेला की काढील." बाबा, तुझं ते हसणं मला अजून आवडत नाही.

राग गेला नाही आणि श्रावणात आई पोटात कळा येऊन पडली. मी रत्नागिरीहून, मावशीकडून, रविवारची आलेली होते म्हणून ते माझ्या डोळ्यांनी बघितलं. बांबूला घोंगडी बांधून डोली केली, चौघांनी खांद्यावर घेतली आणि गडग्यापाशी येऊन थांबली. काका ओटीवर बसला होता. तू हाक मारलीस. तो उठलासुद्धा नाही. म्हणाला, "हितनं वाट नाय." डोलीवाल्यांपैकी एकाने चिरा उपटायला हात घातला, तर काकाने कोयता जवळ ओढला. तू म्हणालास, "चला, फिरवा डोली. भांडत बसलो तर ही जाईल." दुसरी जवळची वाट पऱ्यातून, आणि त्याला पूर आला होता. त्यामुळे डोली पार वरच्या साकवापर्यंत न्यावी लागली. पाऊस कोसळत होता, मी आईच्या तोंडावर इरलं धरून चालत होते. साकवावर पोचलो तेव्हा तिने माझं बोट सोडलं. खाली पाणी एवढं वाजत होतं की तू मला काय म्हणालास ते मला ऐकूच आलं नाही.

मी तुला तेव्हाच म्हटलं होतं की खालची पट्टी आपली आहे, तूही बंद कर, बघू तो कसा रस्त्यावर येतो ते. तू म्हणालास, "त्याची म्हातारी आवस कुठनं जायची मग?" तेराव्याला तो आला, कोपऱ्यात बसून जेवला आणि तू त्याला भात वाढलास. मी उठून गेले. त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलत असे, पण तुझ्याकडे बघत नसे.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. मी कॉलेजात इतिहास घेतला होता. आमच्या सरांना इंग्लंडच्या जुन्या राजांचं भारी वेड होतं. आमच्या वर्गात निम्मी पोरं आंब्याच्या पेट्या भरून आलेली, निम्मी मिरकरवाड्यातून मासळीचा वास घेऊन आलेली, आणि सर सांगणार तेराशे वर्षांपूर्वीच्या उत्तर इंग्लंडच्या राजांचं. पोरं मागच्या बाकावर डुलक्या काढायची. मी मात्र ओसवीचं नाव ऐकलं आणि ताठ झाले. पुस्तकात तो ऑस्वी होता, मी घरी येईपर्यंत ओसवी झाला. त्याच्या थोरल्या भावाला पेंडा नावाच्या शेजारच्या राजाने लढाईत मारलं आणि त्याचं शिर आणि हात तोडून खांबांवर टांगले. वर्षाने ओसवी सैन्य घेऊन गेला आणि भावाचं शिर आणि हात घेऊन आला. पेंडाला त्याने तेव्हा काही केलं नाही. थांबला. वर्षांमागून वर्षं थांबला. पेंडा मोठी फौज घेऊन चालून आला तेव्हा ओसवीने आधी सोनंनाणं देऊ केलं. पेंडाने ते घेतलं नाही. मग पूर आलेल्या नदीकाठी लढाई झाली. सर म्हणाले, तलवारीने मेले त्यापेक्षा पळताना पाण्यात बुडून मेले ते जास्त. पेंडाही त्याच लढाईत मेला. मी वहीत काहीच लिहिलं नाही. खिडकीतून बाहेर बघत बसले. मला आपला पऱ्या दिसत होता आणि पाण्यात कोण होतं ते सांगायला नको.

पण सरांनी दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली. मधल्या काळात ओसवीचा एक भाऊबंद होता, ऑस्विन, राज्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर तो राज्य करायचा. दोघांचं पटेना. ऑस्विनने आपली फौज कमी आहे हे बघून माणसं घरी पाठवून दिली आणि एका विश्वासातल्या माणसाच्या घरी जाऊन लपला. त्या माणसाने त्याला धरून दिलं आणि ओसवीने त्याला मारवलं. आणि ओसवीची राणी कोण, तर त्या मेलेल्याच्याच नात्यातली. तिने नवऱ्याकडे मागितलं ते असं की जिथे माझं माणूस मारलंस तिथे जमीन दे, तिथे मठ होऊ दे आणि तिथे रोज प्रार्थना होऊ दे, मेलेल्यासाठी आणि मारणाऱ्यासाठीही. मला ही राणी मुळीच आवडली नाही. मला वाटलं, भित्री बाई, नवऱ्यापुढे आणखी काय करणार.

मी शनिवारी एसटीने घरी आले आणि तुला सगळं सांगितलं. तू चुलीपुढे बसून भाकरी भाजत होतास. आई गेल्यापासून तूच रांधायचास, आणि तुझी भाकरी एका बाजूने नेहमी करपायची. पेंडा म्हटल्यावर तू हसलास, "नाव तर आपल्या गुरांचं खाणं हाय की." ओसवी म्हटल्यावर चुलीतलं लाकूड पुढे सारलंस. मी तुला म्हटलं की बाबा, याचं पद कर. या गणपतीत काकाशी सामना लाव. त्याला हा सवाल घाल. त्याला सात जन्मात उत्तर येणार नाही. आणि आपल्या वाडीची रीत होतीच, सवालाचं उत्तर आलं नाही तर हरलेल्या शाहिराने जिंकलेल्याचं एक मागणं सगळ्या गावापुढे पुरं करायचं. मी तुला मागणंही सांगून ठेवलं. त्याला म्हणावं, ढोलकी खाली ठेव, पुन्हा कधी हातात घेऊ नकोस आणि सगळ्यांपुढे कान धरून कबूल कर की तू माझ्या बायकोला मारलंस. तू भाकरी उलटलीस आणि म्हणालास, "बघू. राजा चांगला हाय तुझा."

सामना दुपारी ठेवला होता, देवळापुढच्या मांडवात, कारण मुंबईवाल्यांच्या एसट्या संध्याकाळी सुटणार होत्या. सगळा गाव जमला. बायका एका बाजूला, मी अगदी पुढे. काकाच्या फडाने गण म्हटला, गवळण म्हटली, ढोलकी अशी कडाडत होती की मलासुद्धा क्षणभर मान डोलवावीशी वाटली आणि मी दात आवळून बसले. मग तू उभा राहिलास. पांढरा सदरा, डोक्याला फेटा, आईने शिवलेला रुमाल गळ्यात. ओसवीची सगळी कहाणी तू आपल्या चालीत बसवली होतीस, त्याला उत्तर देशीचा राजा केला होतास, आणि शेवटी आवाज चढवून सवाल टाकलास:

"सोयऱ्यानं सोयरा मारला, राणीनं मागितलं काय?
सांग शायरा गावासमोरी, न्हाय तर धर माजे पाय!"

काकाचं तोंड उतरलं. त्याने आपल्या पोथीवाल्या म्हाताऱ्याकडे बघितलं, म्हाताऱ्याने मान हलवली. मग तो ओरडला, "ह्यो ओसवी राजा कुटल्या पोथीत हाय? पोथीभाईरचा सवाल चालणार नाय!" मांडवात गलका झाला. तू शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलंस आणि म्हणालास, "माज्या पोरीच्या पोथीत हाय. पोथी ती पोथी." निवाडा करायला बसलेले गावकर हसले, म्हणाले, बरोबर हाय. काकाने जमवून काहीतरी गायलं, राणीने जीव मागितला की राज्य मागितलं. पोरं हुर्यो करायला लागली. माझ्या छातीत ढोलकी वाजत होती. बाबा, तेवढा सुखाचा क्षण माझ्या आयुष्यात ना त्याआधी आला ना नंतर. आणि तू उत्तर गायलास:

"नको सोनं, नको शिर, राजा, दे थोडी जमीन,
जिथं पडलं माजं माणूस, तिथं रोज नाव घेईन!"

आणि मागणं काय मागितलंस? वाट! गडगा काढ आणि वाट मोकळी कर, बास. कान नाही, कबुली नाही, ढोलकीचं नावसुद्धा नाही. काका खाली बघत उठला, सगळा गाव मागोमाग गेला, त्याने काट्या बाजूला केल्या आणि पहिला चिरा स्वतःच्या हाताने उचलला. लोक म्हणाले, शायर तो शायर, मनाचा मोठा. तू माझा राजा घेतलास, माझा सवाल घेतलास आणि त्याच्यावर एक पायवाट विकत आणलीस. आईची किंमत पायवाट? त्या संध्याकाळी मी तुला हे तोंडावर म्हटलं. तू चूल पेटवत होतास. म्हणालास, "तू जेव आधी." मी जेवले नाही.

त्यानंतर तू जे करायचास त्याने तर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रोज सकाळी तू त्या वाटेने खाली जायचास. काही काम नसलं तरी जायचास. काकाच्या अंगणात थांबायचास, ओटीकडे तोंड करून मोठ्याने विचारायचास, "वाट मोकळी हाय ना रं?" आतून उत्तर यायचं, "हाय. जा." मग तू जायचास. आपली हक्काची वाट आणि तू रोज परवानगी मागतोस! मी सुट्टीला आले की डोक्यावरून पांघरूण ओढून घ्यायचे, ती हाक ऐकू येऊ नये म्हणून. एकदा मी म्हटलं, "बाबा, लाज नाही वाटत?" तू म्हणालास, "इचारलेलं बरं असतं." तुझी तिरडीही त्याच वाटेने गेली आणि काकाने खांदा दिला, हुंदके देत. नाटकी, असं मी मोठ्याने म्हटलं. बायकांनी मला आत नेलं.

मी मात्र त्या वाटेने कधी गेले नाही. गावात आले की वरच्या साकवावरून, लांबच्या फेऱ्याने यायचे, हातात बॅगा असल्या तरी, पाऊस असला तरी. शाळेत नोकरी केली, पोरांना इतिहास शिकवला, निवृत्त झाले, इथे येऊन राहिले, तरी साकवावरूनच. गावात मला खुळी म्हणतात. म्हणोत. आणि गंमत म्हणजे आपल्या बाजूचे फड अजून ओसवी राजाचं पद म्हणतात. मागच्या गणपतीत एक पोरगा मला समजावून सांगत होता की हा राजा पुराणातला आहे, हिमालयाच्या खालचा. मी म्हटलं, असेल.

तर आज सकाळी गवंडी यायच्या आधी मी खालच्या पट्टीत चिऱ्यांपाशी जाऊन उभी राहिले. साकवावरूनच गेले, फेरा घालून. खुर्ची येताना दिसली. पोराने आणि नातवाने ती चिऱ्यांच्या ढिगाशी खाली ठेवली, दम खायला. काकाचा आता नुसता हाडांचा सापळा झाला आहे. डोळे मात्र तेच. त्याने चिऱ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं. पोरगा काहीतरी गयावया करायला लागला, तर काकाने हात वर करून त्याला गप्प केलं. मी तयारच होते. किती वर्षांची वाक्यं जिभेवर होती. आणि तो म्हणाला, "बांध गो बाय. माजी ना नाय. लवकर बांध."

मी म्हटलं, "का?"

"तुज्या बापसानं मला जगू दिलान नाय," तो म्हणाला. दमत दमत बोलत होता. "मरस्तोवर रोज इचारलान, वाट मोकळी हाय ना रं. रोज. सणाला चुकला नाय, तापात चुकला नाय. मी घास उचलला की हाक. पोराचं लगीन लागत व्हतं, मांडवात हाक. दर टायमाला मला ती डोली दिसायची. बायको म्हणायची, आपण ह्ये घर सोडूया. तो गेला तवा म्हटलं सुटलो. खांदा देताना रडलो त्ये सुटलो म्हणून रडलो. तर आता ह्याच वाटेनं मला धरून नेतात. कानात ती हाक ऱ्हायलीच हाय. भिंत घाल तू. वाटच नाय म्हटल्यावर कोण इचारणार?"

पोरांनी खुर्ची उचलली आणि रिक्षाकडे नेली. मी तिथेच चिऱ्यांवर बसले. बाबा, मी तुला आयुष्यभर भित्रा समजले, आणि त्या राणीलाही. इतकी वर्षं मी शाळेत तिची गोष्ट क्षमेची गोष्ट म्हणून शिकवली, आणि शिकवताना तोंड वाकडं केलं. तिने नवऱ्याला काय क्षमा केली? रोज, घंटा वाजली की, आपण कोणाचं रक्त सांडलंय ते त्याला ऐकू यायची तिने सोय करून ठेवली होती! सर सांगायचे, ओसवी म्हातारपणी आजारी पडला तेव्हा त्याला सगळं सोडून दूर रोमला जाऊन मरायचं होतं. ते काही जमलं नाही. तेव्हा आम्ही वर्गात हसलो होतो. आता वाटतं, त्यालाही ते घर सोडायचं असेल. तुला हे चुलीपुढेच कळलं होतं, भाकरी उलटताना. मी कान आणि ढोलकी मागत होते, एका दुपारचा सूड. तू जन्मभराचा मागून घेतलास, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. याचा मला अजून राग आहे. सांगितलं असतंस तर मी तुझ्याकडे बघून बोलले असते की रे.

गवंडी आला. त्याला म्हटलं, भिंत नको. चिरे गोठ्याला लाव. तो मला फार भली बाई समजला, पाया पडायला वाकला. मी त्याला समजवायच्या फंदात पडले नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? तुझा पत्ता कुणाकडे आहे? चुलीत घालीन, तुला चूल माहितीची आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी काका पालीहून परत आला, ओटीवर बसला, आणि मी घरातून निघून त्या वाटेने खाली गेले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. तुझं ते कडवं मनात म्हणायला घेतलं आणि ते संपायच्या आत रस्ता आला. इतकं जवळ आहे ते, बाबा. मी विसरून गेले होते. तिथेच उभी राहून खूप रडले. मग वळले, परत वर आले, काकाच्या अंगणात थांबले आणि ओटीकडे तोंड करून मोठ्याने विचारलं, "वाट मोकळी हाय ना, काका?" त्याच्या हातातली पेज सांडली. मला फार बरं वाटलं. उद्या पुन्हा जाणार आहे.